काय, उत्तम ना?

"सर, तुम्ही विचारता म्हणून रुग्ण तसं म्हणतात," सलोनी म्हणाली.

डॉ. दीनानाथ सातव बेसिनपाशी हात धूत होते. दुर्गाबाई आत्ताच तपासून घेऊन बाहेर गेल्या होत्या. कसब्यातून दरवर्षी न चुकता येणाऱ्या बाई. आल्या की पाया पडायला वाकायच्या, सर मागे सरायचे आणि विचारायचे, "काय, उत्तम ना?" बाई म्हणायच्या, "उत्तम. तुमची कृपा." आजही तेवढंच झालं होतं. शेजारी उभे असलेले शिकाऊ डॉक्टर हसले होते, सुनेने फाईल पिशवीत घातली होती आणि दोघी निघाल्या होत्या.

"म्हणजे दुर्गाबाई माझ्याशी खोटं बोलल्या?"

"मी कुणाचं नाव घेत नाहीये सर. सगळ्यांचं मिळून सांगतेय."

सातवांनी हात पुसले, नॅपकिन घडी घालून ठेवला. निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोन दिवस ते या ट्रस्टच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात बसत. सलोनी त्यांची शेवटची विद्यार्थिनी, आता याच विभागात लेक्चरर. टाके घालताना तिची बोटं त्यांच्यासारखी चालतात असं लोक म्हणत आणि ते ऐकून सातवांना बरं वाटे.

"बस," ते म्हणाले. "दाखव काय आणलंयस ते."

गुदाशयाचा कर्करोग अगदी खाली, गुदद्वारापाशी असला की पूर्वी एकच रस्ता होता. सगळं काढून टाकायचं, मागची वाट कायमची शिवून टाकायची आणि शौचासाठी पोटावर पिशवी लावायची. सातव नवे लेक्चरर असताना एक शाळामास्तरीण त्यांच्या वॉर्डात होती. पिशवीचं समजावून सांगितल्यावर ती खाटेवरून उठली, साडी सारखी केली आणि घरी निघून गेली. परत आली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानंतर सातवांनी आपलं सगळं आयुष्य शरीरातल्या त्या चार बोटांच्या जागेला वाहिलं. गाठ काढायची, पण दार उघडमिट करणारा स्नायू राखायचा; वरचं आतडं खाली आणायचं आणि हाताने, एकेक टाका घेत जोडायचं. आधी लोक हसले. मग बघायला आले. मग सातवांचा शोधनिबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यातलं एक वाक्य त्यांच्यापेक्षा जास्त फिरलं: दहांतले नऊ रुग्ण समाधानी आहेत. पाठ्यपुस्तकातल्या एका तक्त्यात 'सातव व सहकारी' असं आलं. सोलापूर, नांदेड, काठमांडू, कुठून कुठून मुलं शिकायला आली आणि परत जाऊन तसंच करू लागली.

सलोनीने त्याच जुन्या रुग्णांना फोन केले होते. एकेकाशी, घरातलं कुणी शेजारी नाही ना, याची खात्री करून ती बोलली होती. प्रश्न ठरीव होते. दिवसातून किती वेळा संडासला जावं लागतं? कळ आली की थांबवता येते का? जाऊन आल्यावर लगेच पुन्हा पळावं लागतं का? आणि शेवटी, यामुळे काय काय करायचं सोडलंत?

"जगले सर. तुमचं ते अगदी खरं आहे. गाठ परत आलेले फारच थोडे आहेत," ती म्हणाली. "पण निम्म्याहून जास्त लोकांचे हाल आहेत. एसटीत बसत नाहीत. बसायचंच असलं तर आदल्या दिवसापासून जेवत नाहीत. एक बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या नाहीत."

"ऑपरेशन चुकीचं आहे म्हणायचंय तुला?"

"नाही सर. आधी सांगायला हवं, एवढंच. सांगून त्यांना निवडू द्यायला हवं. आपण 'दहांतले नऊ समाधानी' सांगतो, मग पिशवी कोण घेईल?"

सातवांनी चष्मा काढला. पुढच्या महिन्यात पुण्यातच परिषद होती. तिथे त्यांना जीवनगौरव पुरस्कार मिळणार होता. शाल, मानपत्र, सगळं ठरलं होतं. त्याच परिषदेत सलोनीला हा अभ्यास मांडायचा होता. सारांश पाठवायची मुदत शुक्रवारी संपत होती, आणि रुग्ण सातवांचे असल्यामुळे त्यांच्या संमतीवाचून तो जाणार नव्हता.

"फोनवर लोक रडगाणं गातात," ते म्हणाले. "कुणी ऐकणारं मिळालं की गातात. माझ्या चुलतभावाचं ऑपरेशन मी स्वतः केलंय. साईनाथदादा. माझ्याशी खोटं बोलायचं त्याला काय कारण? त्याला केलास फोन?"

सलोनीने समोरचा लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

"सर, नावं मला सांगता येणार नाहीत," ती म्हणाली. "हा नियम तुम्हीच शिकवलात."

आणि तिने लॅपटॉप मिटला.

*

"म्हणजे पोरगी बरोबर बोलतेय," शर्मिला म्हणाली. ती त्यांची बायको. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, आणि पेठेत वाढल्यामुळे गोड बोलण्याचा आव न आणणारी.

"तू न वाचताच ठरवलंस?"

"वाचायचं काय त्यात? मी तुमच्याबरोबर जेवायला बसते रोज. 'आमटी फर्स्टक्लास झालीय ना?' असं तुम्ही राजसला विचारता. तो नातू आहे तुमचा, शहाणा आहे, हो म्हणतो. कालची आमटी खारट होती."

"मग सांगायचंस की."

"विचारलंत कुठे? तुम्ही तर आम्हाला निकाल सांगितलात."

शर्मिलाने त्यांच्या पानात भात वाढला आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही वाईट हेतूनं केलंत असं कुणी म्हणत नाहीये. पण तराजूवर स्वतःच हात ठेवून वजन घेतलंत, तर काटा काय दाखवणार?"

"दादाला जाऊन विचारतो," ते म्हणाले.

"जा. पण 'उत्तम ना' म्हणू नका."

जाणं तितकं सोपं नव्हतं. साईनाथदादाशी येणं-जाणं जवळजवळ थांबलं होतं. सातवांच्या मुलीच्या, ऋतुजाच्या लग्नात दादा थोरला म्हणून मुलीच्या पाठीशी उभा राहायचा होता. अक्षता पडायच्या आधीच तो दिसेनासा झाला आणि न जेवता वाघोलीला निघून गेला. त्याच वर्षी रस्त्याकडेच्या जमिनीची वाटणी झाली होती. भावकीत बोललं गेलं, दादाने प्लॉटचं मनात धरलं. सातवांनाही तेच पटलं. त्यांनी विचारलं नाही, दादाने सांगितलं नाही. वर्षातून एकदा तपासणीला मात्र तो येई, हात जोडून उभा राही, "झकास हाय" म्हणे आणि जाई.

*

गुरुवारी सकाळी नगर रस्त्यावरची गर्दी पार करून सातव वाघोलीत पोचले. जिथे ज्वारी असायची तिथे आता सोसायट्या होत्या आणि दादाचं चार मजली घर त्यांच्यामध्ये बुटकं दिसत होतं. दादा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. विमलवहिनी शेंगा फोडत होत्या.

"आवं, भावजी!" वहिनी उठल्या. "आज कुनीकडं वाट चुकला?"

"दिना, ये, बस," दादा म्हणाला. "रिपोर्टात काय निघालं का माझ्या?"

"नाही रे. सगळं चांगलं आहे."

"मंग ठीक. मला वाटलं, येवढा मोठा डाक्टर घरी आला म्हंजे लाकडं सांगून ठेवावी."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "कायबी बोलत्यात," असं म्हणून पुन्हा शेंगांकडे वळल्या. सातव पाणी प्यायले. तोंडाशी आलेला नेहमीचा प्रश्न त्यांनी गिळला. दुसरा कोणता विचारायचा, हे त्यांना कळेना.

"दादा, ऋतूच्या लग्नात जेवायला का थांबला नाहीस?"

वहिनींचे हात थांबले. दादाने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं.

"आता कशापायी ते? पोरीला पोरगं झालं, शाळंत जायाला लागलं."

"मला कळायला हवंय."

"प्लाटाचं न्हवतं."

"मग?"

दादाने रस्त्याकडे पाहिलं. एक डंपर धडधडत येत होता, तो जाईपर्यंत दादा थांबला.

"त्या कार्यालयात संडास किती हुते, ठावं हाय तुला?"

"नाही."

"मला ठावं हाय. दोन. आन् दोन्हीम्होरं बायापोरांची रांग. नवा सदरा, फेटा बांधल्याला, मागं मामा लोक हुबं. मला कळ आली. म्या कुनाला म्हनू, बाजूला व्हा म्हनून?" दादा हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "गाडीपातूरबी पोचलो न्हाई, दिना. ड्रायव्हर शहाना हुता. त्यानं काच खाली केली आन् गप गाडी चालीवली."

वहिनी शेंगांकडे बघत म्हणाल्या, "तवापासून लगीन न्हाई, मयत न्हाई. देवाला गेलं तरी ह्ये आधी काय बघत्यात, इचारा."

"आधी संडास, मंग देव," दादा म्हणाला. "देवाला चालतंय. त्याला कळतंय."

डॉक्टर म्हणून सातवांना हे सगळं माहीत होतं. आतड्याचा तो तुकडा काढला की साठवायची जागा जाते. उरलेलं आतडं थोड्यालाही थोपवू शकत नाही, हे ते दरवर्षी मुलांना शिकवत. पण शिकवताना त्यांनी त्या वाक्यात कधी फेटा बांधलेला माणूस पाहिला नव्हता.

"मला का नाही सांगितलंस? दरवर्षी येत होतास. मी विचारत होतो."

"काय इचारत हुतास?" दादाने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "'काय दादा, झकास ना?' तुझ्या बाजूला चार पोरं हुबी, पांढऱ्या कोटातली. तुझ्याकडं बघत्यात, माझ्याकडं बघत्यात. तू त्यांला सांगतोयस, ह्यो माझा भाऊ, बगा कसा ठणठणीत हाय. तितं म्या म्हनू, न्हाई बाबा, धोतर खराब हुतंय?" त्याचा आवाज खाली आला. "म्या झकास म्हनायचो ते तुझ्यासाठी, दिना. तुझं नाव खराब व्हायला नगं म्हनून."

वहिनी उठून आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज झाला, लगेच थांबला.

"पिशवी लावली असती तर असं नसतं झालं," सातव म्हणाले. "तीही वाट होती. मी तुला ती नीट सांगितलीच नाही."

"सांगितली असती तरी म्या नगंच म्हनलं असतं. पोटावं पिशवी घिऊन रानात फिरू व्हय?" दादाने पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. "पन सांगायचं हुतंस. मंग हे माझं मी घेतल्यालं असतं."

"याला उपाय आहेत, दादा. पूर्ण नाही, पण बरेच. औषध आहे, खाण्यात बदल आहेत, त्या स्नायूचे व्यायाम आहेत. सकाळी पाण्याने आतडं धुऊन घ्यायची एक पद्धत आहे, की मग दुपारपर्यंत माणूस निर्धास्त राहतो. माझी एक विद्यार्थिनी हेच काम करते."

दादा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची मान हळूच हलली, जणू तो जुना हिशोब लावत होता.

"हे आधीबी हुतं?" त्याने विचारलं. "इतकी वरसं?"

सातवांनी होकारार्थी मान हलवली.

दादाने टॉवेल खांद्यावरून काढला, मांडीवर पसरला, त्याच्या कडा सारख्या केल्या. रागावला असता तर बरं झालं असतं, असं सातवांना वाटलं. पण दादा एवढंच म्हणाला, "जेवून जा. भाकरी टाकायला सांगतो."

सातव जेवले. दादाने अर्धी भाकरी खाल्ली आणि जेवणाच्या मध्येच उठून आत गेला. या वेळी तो का उठला, हे सातवांना विचारावं लागलं नाही. वहिनींनी त्याचं ताट झाकून ठेवलं, हाताला सवय असल्यासारखं.

*

शुक्रवारी सलोनी त्यांच्या खोलीत आली तेव्हा सारांशाची छापील प्रत तिच्या हातात होती आणि चेहरा वादाला तयार होता.

"सर, एक मधला मार्ग आहे," ती बसायच्या आधीच म्हणाली. "विभागप्रमुखांनी सुचवलाय. जुन्या निबंधाचा उल्लेख करायचाच नाही. नुसते नवे आकडे द्यायचे. सत्काराच्या दिवशी उगाच…"

"त्यांनी सुचवलंय की तू?"

"त्यांनी. पण मलाही… सर, तुमच्यामुळे मी सर्जन झाले."

"ते वेगळं," सातव म्हणाले. त्यांनी प्रत घेतली, खिशातलं पेन काढलं आणि वाचायला लागले. मधे एका ठिकाणी थांबले. "हे काय लिहिलंयस? 'आधीच्या अभ्यासाच्या पद्धतीत फरक असल्यामुळे निष्कर्ष वेगळे आले असावेत.'"

"सौम्य लिहिलंय सर."

"फरक नाही. चूक. असं लिही: आधीच्या अभ्यासात शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच, विद्यार्थ्यांच्या आणि नातेवाइकांच्या समोर, होकार सुचवणाऱ्या शब्दांत प्रश्न विचारला होता. त्यामुळे ते समाधानाचे आकडे ग्राह्य धरू नयेत."

"इतकं? सर, पाठ्यपुस्तकातला तक्ता आहे तो. लोक काय म्हणतील?"

"लोक तो तक्ता बघून रोज कुणाला तरी सांगतायत, दहांतले नऊ. नांदेडला सांगतायत, काठमांडूला सांगतायत. आपण सौम्य लिहिलं तर ते सांगतच राहतील." त्यांनी प्रत टेबलावर ठेवली. "नियतकालिकालाही पत्र लिहितोय मी. ते माझं मी बघतो. इंग्रजी तेवढं तपासून दे."

"आणि सत्कार?"

"तो त्यांनी ठरवावा. शाल नाही मिळाली तरी चालेल, उन्हाळ्यात तशीही काय कामाची." तिला हसू आलं नाही, म्हणून तेच जरा हसले.

"सर, मग तुमचं नाव यावर… म्हणजे तुम्हाला नको असेल तर नुसती संमती पुरते. लेखकांत नाव नाही घातलं तरी चालतं."

"नाव शेवटी ठेव," सातव म्हणाले. "पण काढू नकोस."

त्यांनी सही केली. सलोनीने कागद उचलला आणि काही बोलायचं म्हणून विचारलं, "चहा सांगू सर?"

"सांग. आणि ऐक, वाघोलीहून एक जण तुझ्याकडे येईल सोमवारी. मी खोलीत नसेन. त्याला भाऊ म्हणून नको बघूस. नुसतं विचार, आणि गप्प बसून ऐक."

*

पुढच्या मंगळवारी बाह्यरुग्ण विभागात पहिला रुग्ण बुधवार पेठेतला होता. श्रीधर नावाचे गृहस्थ, रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान असलेले. ऑपरेशनला बरीच वर्षं झालेली. सातवांना पाहताच ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि विचारायच्या आधीच म्हणाले, "उत्तम, सर, एकदम उत्तम."

"बसा, श्रीधरराव," सातव म्हणाले. "आज डॉक्टर सलोनी तुमच्याशी बोलतील. वेळ घ्या. जे आहे ते सांगा. माझ्या नावासाठी काही राखून ठेवू नका."

त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना खुणेने बाहेर काढलं. श्रीधररावांच्या मुलालाही चहा घेऊन यायला सांगितलं. मग आपला पांढरा कोट खुंटीला अडकवला आणि स्वतःही बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

बाहेर जायला दुसरी जागा नव्हती. ते बाकावर, रांगेतल्या माणसांमध्ये बसले. आधी आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मग श्रीधररावांचा आवाज सुरू झाला. हळू, अडखळत, मग न थांबता. शब्द कळत नव्हते. मधेच सलोनीचा एखादा छोटा प्रश्न, आणि पुन्हा तो आवाज. वर्षानुवर्षं दोन शब्दांत उरकणारा माणूस बोलत होता, बोलतच होता. एकदा तो मोठ्याने नाक शिंकरण्यापुरता थांबला आणि पुन्हा बोलू लागला.

शेजारचे गृहस्थ पहिल्यांदाच आले असावेत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि बिनकोटाच्या सातवांकडे वळून म्हणाले, "अहो, आत काय पोवाडा चाललाय का? मला तर कुणी सांगितलं होतं, इथले मोठे डॉक्टर दोन मिनिटांत मोकळं करतात."

"करायचे," सातव म्हणाले.

"मग आता काय झालं?"

सातव बंद दाराकडे बघत होते. तेवढ्यात जिन्यावरून एक म्हातारी बाई धापा टाकत वर आली आणि बसायला जागा शोधू लागली. ते उठून उभे राहिले, तिला बाकावर बसवलं आणि भिंतीला पाठ टेकून आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसासारखे उभे राहिले.